सिग्नल चुकवण्यासाठी खासगी आवारातून गाडी काढणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चौकाच्या कोपऱ्यावर पेट्रोल पंप, कॉम्प्लेक्सचे पार्किंग, मंगल कार्यालयाचे आवार किंवा दोन रस्त्यांना दोन फाटके असलेली सोसायटी असली, की लाल दिवा लागताच काही गाड्या आत शिरतात आणि दुसऱ्या बाजूने निघून जातात. कोल्हापुरात शाळा सुटायच्या वेळी आणि संध्याकाळच्या गर्दीत हा त्रास सर्वाधिक होतो. पंपावरचे कामगार, पार्किंगमध्ये खेळणारी मुले आणि फाटकातून चालत बाहेर पडणारी म्हातारी माणसे यांच्या जिवाशी हा खेळ आहे. जागामालक, सोसायट्यांचे पदाधिकारी आणि वाहनचालक जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत.

सिग्नल टाळण्यासाठी खासगी जागेतून जाणे हा गुन्हा आहे का?

या नावाचा स्वतंत्र गुन्हा मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये नाही. लाल दिव्याचे उल्लंघन थांबारेषा ओलांडल्यावर होते. रेषेच्या अलीकडूनच डावीकडे पंपात वळलेल्या चालकाने रेषा ओलांडलेलीच नसते, म्हणून त्याच्यावर ‘सिग्नल तोडला’ असा थेट चलान टिकवणे अवघड जाते. याचा अर्थ तो मोकळा सुटतो असा मात्र नाही. आत शिरताना, आतून जाताना आणि पुन्हा रस्त्यावर येताना तो जे काही करतो, त्यातच बहुतेक वेळा दोन-तीन नियम मोडलेले असतात. कारवाई त्यांवर होते.

परदेशात यासाठी थेट कायदा आहे, असे ऐकले. ते खरे का?

अमेरिकेतल्या काही राज्यांत आहे. इलिनॉय राज्याच्या वाहन संहितेत वाहतूक नियंत्रक चिन्ह टाळण्यासाठी रस्ता सोडून खासगी मालमत्तेतून जाणे बेकायदा ठरवले आहे. फ्लोरिडातही सिग्नल टाळण्यासाठी एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर गाडी काढायला मनाई आहे. टेक्ससचे कलम ५४५.४२३ आम्हाला सर्वांत उपयोगी वाटते, कारण त्यात चालकाच्या मनात काय होते हे सिद्ध करावे लागत नाही. चौकात एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर वळण्यासाठी पार्किंग, फूटपाथ किंवा दुकानाचे प्रवेशद्वार वापरले, की नियम मोडला. न थांबता पार्किंगमधून आरपार जाण्यालाही तिथे मनाई आहे. हेतूवर आधारलेल्या नियमात ‘मी पाण्याची बाटली घ्यायला थांबणार होतो’ म्हणून सुटता येते; थांबलाच नाही हे मात्र कॅमेऱ्यात सरळ दिसते. महाराष्ट्रात असा नियम झाला, तर तो या धर्तीवर व्हावा. तोवर यातले एकही कलम कोल्हापुरातल्या चालकाला लागू होत नाही, म्हणून फलकावर किंवा तक्रारअर्जात त्यांचा उल्लेख करू नका.

मग पोलिसांना नेमकी कोणती कलमे लावता येतात?

दुभाजकामुळे पंपाच्या किंवा पार्किंगच्या फाटकातून फक्त डावीकडे वळता येत असेल आणि चालक उजवीकडे, येणाऱ्या गाड्यांच्या अंगावर निघाला, तर ते उलट्या दिशेने वाहन चालवणे झाले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मधल्या धोकादायक वाहन चालवण्याच्या व्याख्येत ते येऊ शकते. शिक्षा पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. या सगळ्या प्रकारात सर्वांत जड कलम हेच आहे, आणि कोपऱ्यावरून आरपार जाणाऱ्या दुचाकी सर्वांत जास्त याच चुकीत सापडतात.

फूटपाथवरून गाडी घातली, तर २०१७ च्या मोटार वाहन चालवण्याच्या विनियमांचा भंग होतो. आवारात जायला फूटपाथ खाली उतरवून केलेला रॅम्प ओलांडणे वेगळे आणि चार गाड्या पुढे काढायला फूटपाथवरून लांबवर जाणे वेगळे. या विनियमांच्या भंगाला कलम १७७-अ खाली ५०० ते १,००० रुपये दंड आहे.

‘प्रवेश बंद’ किंवा ‘एकेरी मार्ग’ असा अधिकृत फलक डावलला, तर कलम ११९ चा भंग. त्यासाठी कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० आणि नंतर १,५०० रुपयांपर्यंत दंड. इथे ‘अधिकृत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. फलक सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने लावलेला असावा लागतो. सोसायटीने स्वतः रंगवून रस्त्याकडेला उभा केलेला ‘नो एंट्री’ मोडला म्हणून चलान होत नाही.

आवारातून मुख्य रस्त्यावर येणाऱ्याने रस्त्यावरच्या वाहनांना आणि पादचाऱ्यांना आधी जाऊ द्यायचे असते. सिग्नल चुकवणारा नेमका हाच नियम मोडतो, कारण हिरवा दिवा मिळालेल्या गाड्या वेग घेत असतात त्याच क्षणी तो बाजूने घुसतो.

डावे वळण तर मोकळेच असते ना?

नाही. जिथे तसा फलक किंवा हिरवा बाण आहे, तिथेच. बाकी ठिकाणी लाल दिवा डावीकडे वळणाऱ्यालाही लागू आहे.

आमचे आवार ‘सार्वजनिक जागा’ ठरते की खासगी?

मालकी खासगी असली, तरी मोटार वाहन कायद्यासाठी ती जागा सार्वजनिक ठरू शकते. कलम २(३४) नुसार जिथे लोकांना प्रवेशाचा हक्क आहे असा रस्ता किंवा जागा म्हणजे सार्वजनिक जागा, मग ती आरपार असो वा नसो. प्रवासी चढ-उतार करतात ती एसटीची जागा त्यात स्पष्टपणे येते, म्हणून बसस्थानकाच्या आवारातून दुचाकी काढणाऱ्याला ‘हा रस्ता नाही’ असे म्हणून सुटता येत नाही. अपघातविम्याच्या संदर्भात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने पांडुरंग चिमाजी आगळे खटल्यात असा अर्थ लावला, की लोकांना मोकळा किंवा नियंत्रित प्रवेश असलेली खासगी जागासुद्धा सार्वजनिक जागेत मोडते.

दिवसभर उघडा असलेला पेट्रोल पंप किंवा दुकानांचे पार्किंग या अर्थाने सार्वजनिक मानले जाण्याची शक्यता बरीच आहे. वॉचमन असलेल्या, नोंद करून आत सोडणाऱ्या सोसायटीबाबत वाद होऊ शकतो. मालकांनी याला घाबरू नये. जागा या कायद्यासाठी सार्वजनिक ठरल्याने मालकी जात नाही आणि लोकांना जाण्या-येण्याचा हक्कही मिळत नाही. उलट विनापरवाना किंवा धोकादायक चालवणाऱ्यावर आतसुद्धा कारवाई करता येते.

घुसखोरीचा गुन्हा नोंदवता येईल का?

भारतीय न्याय संहितेचे (१ जुलै २०२४ पासून लागू) कलम ३२९ फौजदारी अतिक्रमणाचे आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अडचण हेतूची आहे. गुन्हा करण्याचा, किंवा ताबेदाराला धमकावण्याचा, अपमान करण्याचा वा त्रास देण्याचा हेतू असेल तरच हे कलम लागते. घाईत असलेल्या माणसाला लवकर पोहोचायचे असते, तुम्हाला त्रास द्यायचा नसतो. आपल्यामुळे त्रास होईल हे माहीत असणे आणि त्रास देण्यासाठीच आत येणे, यांत न्यायालये फरक करतात. त्यामुळे एकदाच गेलेल्या अनोळखी गाडीवर हा गुन्हा सहसा टिकत नाही.

चित्र बदलते ते रोज येणाऱ्या, सांगूनही न ऐकणाऱ्या, वॉचमनच्या अंगावर गाडी घालणाऱ्या किंवा शिवीगाळ करणाऱ्या चालकाच्या बाबतीत. त्यासाठी आधी मनाई केल्याचा पुरावा हवा: फाटकावर ठळक फलक, शक्य असल्यास गाडीमालकाला लेखी नोटीस, आणि त्यानंतरही आल्याच्या तारीख-वेळेच्या नोंदी. आमच्या मते निम्म्याहून अधिक तक्रारी इथेच अडतात. मालक वैतागलेला असतो, पण आवारात मनाईची एक ओळसुद्धा लिहिलेली नसते.

फलकावर काय लिहावे?

‘ही खासगी मालमत्ता आहे. फक्त ग्राहक / रहिवासी / पाहुण्यांसाठी. या आवारातून आरपार जाण्यास मनाई. इथला प्रवेश मालकाच्या परवानगीने असून ती केव्हाही रद्द होऊ शकते.’ एवढे पुरे. मराठीत लिहा, पर्यटकांच्या गाड्या येत असतील तर खाली हिंदी किंवा कन्नडमध्ये एक ओळ द्या. फलक प्रत्येक प्रवेशावर हवा, आत भिंतीवर नको. प्रकाश परावर्तित करणारा पत्रा वापरा, म्हणजे हेडलाइटमध्ये वाचता येईल. ‘दंड ५०० रुपये’ लिहू नका. बाहेरच्या चालकाला दंड करण्याचा अधिकार सोसायटीला नाही, आणि असे पैसे वसूल केले तर उलट तक्रार तुमच्यावर होईल.

लोक वर्षानुवर्षे इथून जातात. आता त्यांचा वहिवाटीचा हक्क झाला का?

रस्त्याने जाणाऱ्या कुठल्याही गाडीचा तसा हक्क होत नाही. सुविधाधिकार कायदा, १८८२ च्या कलम १५ प्रमाणे २० वर्षे (सरकारी जमिनीवर ३० वर्षे) उघडपणे, शांततेने, खंड न पडता आणि ‘हक्काने’ वापर झाला पाहिजे. शिवाय हा हक्क एखाद्या जमिनीच्या फायद्यासाठी असतो. म्हणून खरा धोका तुमच्या मागच्या प्लॉटच्या मालकाकडून असतो, सिग्नल चुकवणाऱ्याकडून नाही.

वर्षातून एक दिवस फाटक बंद ठेवले की हक्क तुटतो, असा समज सर्वत्र आहे. कायदा तसे म्हणत नाही. अडथळा कळल्यानंतर वर्षभर समोरच्याने तो मुकाट्याने सोसला, तरच तो ‘खंड’ धरला जातो. एक दिवस बंद ठेवल्याचा उपयोग इतकाच, की वापर तुमच्या मर्जीने चालला होता असे दाखवता येते. त्यासाठी परवानगीचा उल्लेख असलेला फलक जास्त भक्कम पुरावा आहे, कारण परवानगीने केलेला वापर ‘हक्काने’ केलेला ठरत नाही.

सगळ्यांत आधी काय तपासावे?

ती जागा खरोखर तुमची आहे का, हे. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक आणि नकाशा घ्या. महापालिकेच्या नगररचना विभागातून मंजूर लेआउट आणि बांधकामाचा मंजूर नकाशा घ्या. तीन गोष्टी वारंवार निघतात. कोपऱ्याचा तुकडा रस्तारुंदीत महापालिकेला दिलेला असतो आणि मालक तो आपलाच समजतो. लेआउटमधला अंतर्गत रस्ता महापालिकेकडे हस्तांतरित झालेला असतो. तो सोसायटीला बंद करता येत नाही. आणि जुन्या पेठांतला बोळ चार-पाच घरांच्या सामाईक वहिवाटीचा असतो. तिथे एकट्याने फाटक बसवले, तर शेजारीच दावा लावतील.

याउलट, इमारतीपुढचे सामासिक अंतर (बांधकामाच्या नियमाप्रमाणे मोकळी सोडलेली जागा) फरशी घालून रस्त्याच्या पातळीला आणलेले असले, तरी ते खासगीच राहते. कोल्हापुरात दुचाकी सर्वांत जास्त इथूनच घुसतात, कारण कंपाउंड नसल्याने चालकाला रस्ता कुठे संपला हे कळतच नाही. हद्दीबद्दल शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या आणि मगच खर्च करा.

कोणता अडथळा खरोखर चालतो?

आरपार जाणे किफायतशीर राहिले नाही, की लोक आपोआप थांबतात. म्हणून सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय म्हणजे दोनपैकी एक फाटक गर्दीच्या वेळेत बंद ठेवणे. सकाळी दोन तास, संध्याकाळी तीन तास. दोन-तीन आठवडे सलग केले की रोजच्या गाड्यांची सवय मोडते. मधेच चार दिवस ढिलाई झाली, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

दोन्ही बाजू उघड्या ठेवणे भाग असेल, तर लोखंडी खांब बसवा. १०० मिलिमीटर व्यासाचा पाइप, जमिनीवर ७५ ते ९० सेंटिमीटर, जमिनीत ६० सेंटिमीटर, भोवती ४५ सेंटिमीटर चौरस काँक्रीट, पाइप आतूनही काँक्रीटने भरलेला. नुसता फरशीवर बोल्ट मारलेला खांब पहिल्याच टेम्पोच्या धक्क्याला वाकतो. दोन खांबांमधली मोकळी जागा ९० सेंटिमीटर ते १ मीटर ठेवली, तर चारचाकी आणि रिक्षा अडतात आणि व्हीलचेअर जाऊ शकते. दुचाकी मात्र जातेच. तिचे हँडल साधारण ७० सेंटिमीटरचे असते. अंतर आणखी कमी करून दुचाकी अडवायला गेलात, तर व्हीलचेअरवरचा रहिवासी अडकतो. दुचाकींसाठी खांबांमागे आडवी-तिरकी रेलिंग लावून दोनदा वळावे लागेल अशी वाट करा. व्हीलचेअरला वळायला मध्ये दीड मीटर मोकळे ठेवा.

आतल्या वाटेवर गतिरोधक घालताना रबरी पट्टी ५ सेंटिमीटर उंचीची पुरते. रात्रीत सिमेंटचा उंच उंचवटा करणे टाळा. त्यावर घसरून पडणारी स्कूटर बहुधा तुमच्याच सभासदाची असते.

साखळीबाबत कळकळीने सांगतो: पातळ तार, दोरी किंवा काळी साखळी आडवी बांधू नका. अंधारात दुचाकीस्वाराला ती दिसत नाही आणि गळ्याला लागून माणूस मरू शकतो. साखळी जाड, पिवळ्या रंगाची असावी. मध्यभागी परावर्तक पत्रा टांगा, वर दिवा ठेवा आणि दुतर्फा पाच मीटर आधी शंकू ठेवा.

खांब, फाटक, साखळी हे सगळे स्वतःच्या हद्दीच्या आत. महापालिकेच्या फूटपाथवर किंवा गटारीच्या झाकणावर खांब रोवला, तर ते तुमचे अतिक्रमण ठरेल. मंजूर नकाशात अग्निशमन गाडीसाठी दाखवलेला मार्ग कायमचा बंद करू नका. तिथे काढता येणारे, कुलूपबंद खांब बसवा आणि एक किल्ली वॉचमनकडे चोवीस तास ठेवा. रुग्णवाहिका आली की फाटक लगेच उघडायचे, ही सूचना वॉचमनला लेखी द्या. रस्त्यावर रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्या चालकाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ई खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही आहे.

पेट्रोल पंपावर तर काहीच बंद करता येत नाही. तिथे काय?

पंपाला आत येण्याची आणि बाहेर जाण्याची बाजू वेगळी लागते, हे खरे. तिथे आरपार सरळ दिसणारी वाट मोडा. शंकू आणि पाण्याने भरलेले प्लॅस्टिकचे अडथळे असे मांडा, की प्रत्येक गाडीला मशीनच्या रांगेतूनच जावे लागेल. टँकरमधून इंधन उतरवताना त्या बाजूचा मार्ग पूर्ण बंद ठेवा. त्या वेळी पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरलेली असते, नळ्या अंथरलेल्या असतात, आणि घाईतली दुचाकी नळीवरून जाणे ही साधी बाब नाही. पंपचालकाने कामगारांना गाड्यांपुढे उभे राहून अडवायला कधीही सांगू नये.

हवा भरून किंवा पेट्रोल घेऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडलो तर?

तुम्ही ग्राहक आहात. काही हरकत नाही. बाहेर पडताना थांबा आणि रस्त्यावरच्यांना आधी जाऊ द्या.

वॉचमनने गाडी अडवली, किल्ली काढली, चाकातली हवा सोडली तर?

फाटक बंद करून ‘इथून वाट नाही, मागे फिरा’ म्हणणे योग्य आहे. न्याय संहितेच्या कलम १२६ मध्ये बेकायदा अटकावाचा गुन्हा आहे, पण खासगी वाट अडवण्याचा आपल्याला कायदेशीर हक्क आहे असे सद्‌भावनेने मानून ती अडवणाऱ्याला त्यात अपवाद आहे. गाडी आत आल्यावर दोन्ही फाटके बंद करून चालकाला कोंडून ठेवणे हे मात्र या अपवादात बसत नाही. किल्ली काढणे, हवा सोडणे, जॅमर लावणे, कानशिलात मारणे यांतले काहीही केले, की तक्रारदार तोच होतो आणि तुम्ही आरोपी. वॉचमनने नंबर टिपावा, रस्ता दाखवावा, आणि प्रकरण हातघाईवर आले तर ११२ वर फोन करावा.

पुरावा कसा गोळा करावा?

एका कॅमेऱ्याने भागत नाही. एकात गाडी आत येताना नंबरासह, दुसऱ्यात बाहेर पडताना, आणि जमल्यास एकाच्या चौकटीत सिग्नलचा लाल दिवाही दिसला पाहिजे. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळे जुळवा. एक मिनिटाचा फरक असला तरी ‘न थांबता गेला’ हे सिद्ध होत नाही. बऱ्याच यंत्रांत जुने चित्रण पंधरा दिवस ते महिनाभरात पुसले जाते, म्हणून घटना घडली त्याच दिवशी क्लिप वेगळी काढा. प्रकरण न्यायालयात गेले, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. नंबरप्लेटचे फोटो शिव्यांसह व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. ते पोलिसांना द्या.

तक्रार कुठे करायची?

धोकादायक चालवणे, उलट दिशा, फूटपाथ: शहर वाहतूक शाखा, किंवा महाट्रॅफिक ॲपवर फोटोसह. धमकी, मारहाण, नुकसान, वारंवार घुसखोरी: हद्दीतले पोलीस ठाणे. फूटपाथ तुटला, कठडा नाही, दुभाजकातली फट बंद करायची आहे: महापालिका. अर्ज दोन प्रतींत द्या आणि एकीवर आवक शिक्का घ्या. सोसायटी असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव जोडा, म्हणजे ही एका सभासदाची कुरबूर ठरत नाही.

दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम मिळू शकतो, पण तो ओळख पटलेल्या माणसाविरुद्ध. शेजारच्या गोदामाचे टेम्पो रोज तुमच्यातून जात असतील तर दावा जरूर करा. अनोळखी शेकडो गाड्यांवर दावा लावून उपयोग नाही. यंत्रणेने कायदेशीर कर्तव्यच टाळले असेल, तर रिट याचिकेसाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे कामकाज १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू आहे.

आवारात अपघात झाला तर जबाबदार कोण?

मुख्यतः चालक. न्याय संहितेच्या कलम २८१ मधले बेदरकार वाहन चालवणे ‘सार्वजनिक मार्गा’पुरते आहे, पण कलम १२५ (जीव धोक्यात घालणे, इजा करणे) आणि कलम १०६ (निष्काळजीपणाने मृत्यू) यांना जागेची अट नाही. तक्रार लिहिताना हे लक्षात ठेवा, नाहीतर ‘खासगी जागा आहे’ म्हणून परत पाठवले जाते. जखमीला मदत करणे आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणे हे चालकाचे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे कर्तव्य आहे. नुकसानभरपाईच्या अर्जासाठी त्याच कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे, म्हणून उपचारांची कागदपत्रे पहिल्या दिवसापासून जपा. न दिसणारी साखळी, उघडा चेंबर किंवा दिवा नसलेला खड्डा यामुळे अपघात झाला असेल, तर मालकही त्यात ओढला जातो.

राजारामपुरीसारख्या गल्ल्यांतून जाणेही चुकीचे का?

सार्वजनिक गल्लीतून जायचा हक्क सगळ्यांना आहे, सिग्नल टाळण्यासाठी असला तरी. एकेरी मार्ग आणि प्रवेशबंदी तेवढी पाळा. गल्लीला खरोखर त्रास असेल, तर ठरावीक वेळेत वाहनबंदी घालण्याचा आदेश मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली निघू शकतो. गल्लीतल्या मंडळाने स्वतः बॅरिकेड लावून रस्ता बंद करणे बेकायदा आहे.

सिग्नलच इतका लांब आहे की लोक वळतात. त्याचे काय?

मग अर्ज त्यासाठी करा, आणि आकड्यांसह. कामाच्या तीन दिवशी, सकाळ-संध्याकाळ गर्दीचा एकेक तास मोजा. पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार भागांत किती गाड्या आवारातून न थांबता गेल्या, दुचाकी किती, चारचाकी किती, ते लिहा. लाल आणि हिरवा किती सेकंदांचा आहे हे मोबाइलच्या घड्याळावर दहा फेऱ्यांसाठी मोजा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दहापैकी किती फेऱ्यांत रांग एका हिरव्यात संपली नाही, ते टिपा. रांग संपत नसेल तर हिरव्याची वेळ वाढवण्याची मागणी करा. रांग संपूनही हिरवा उरत असेल, तर उलट दुसऱ्या बाजूला वेळ द्यायला सांगा. सगळ्या गाड्या डावीकडेच जात असतील तर डाव्या वळणाची वेगळी मार्गिका किंवा बाण मागा. नकाशाचे साधे रेखाटन आणि हा तक्ता जोडलेला अर्ज वाहतूक शाखेला आणि महापालिकेच्या अभियंत्यांना एकाच दिवशी द्या. वेळ बदलल्यावर दोन आठवड्यांनी त्याच वारी, त्याच तासाला पुन्हा मोजा. दुचाकी कमी न होता फक्त चारचाकी कमी झाल्या असतील, तर राहिलेले काम सिग्नलचे नाही, तुमच्या फाटकाचे आहे.